खुर्चीकडचं टोक

प्रयोगशाळेत तिला सगळे पापणीताई म्हणत. काम चालू असताना तिची पापणी लवत नाही, अशी तिची ख्याती होती. एकदा निवांत नावाच्या मदतनिसाने पैज लावून खात्री करून घ्यायचं ठरवलं. तो समोर बसून तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला. थोड्या वेळाने त्याच्याच डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ती म्हणाली, "रडायचं असेल तर बाहेर जा. खोलीत दमटपणा वाढतो."

निवांत बाटल्या धुवायचा, पंप दुरुस्त करायचा, जे कुणालाच करायचं नसेल ते करायचा. त्याला कुठलंही काम सांगा, "होईल की," म्हणायचा, आणि वैतागाची गोष्ट म्हणजे ते होतही असे.

पापणीताई नळ्या करायची. खराब झालेल्या रक्तवाहिनीच्या जागी बसवायच्या नळ्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम त्यांना 'स्कॅफोल्ड' म्हणत. बाकी सगळे नळी म्हणत, आणि घाईत असल्या की मॅडमही. ही नळी शरीरात शिवायची, हळूहळू तिच्या भिंतीत पेशी येऊन राहतात, आपली नवी भिंत विणतात, आणि तोवर मूळ नळी विरघळून गेलेली असते. सासूबाईंना तिने हे सोपं करून सांगितलं होतं.

"आपण घर बांधायचं, आई. मग भाडेकरू येतात. ते स्वतःच्या भिंती उभ्या करतात, आणि आपलं घर नाहीसं होतं."

"आणि भाडं?"

"भाडं नाही."

"मग कशाला बांधता?" सासूबाई म्हणाल्या आणि कूस बदलली.

नळी व्हायची ती धाग्यांची. पांढरे प्लॅस्टिकचे दाणे एका उग्र वासाच्या द्रावणात विरघळवायचे, मधासारखं दाट झालं की सिरिंजमध्ये भरायचं. पंप त्या सिरिंजचा दट्ट्या इतका हळू ढकलायचा, की तो हलतोय हे मान्य करायला विश्वास लागायचा. सुईच्या टोकाशी थेंब धरला की हाय व्होल्टेजचं बटण दाबायचं. मग तो थेंब लांबुळका होई, टोकदार होई, आणि त्याच्या टोकातून धागा निघे. केसाहून कितीतरी बारीक. सुईपासून बोटभर सरळ, आणि पुढे असा वेडावाकडा फिरत जाई, की डोळ्याला नुसतं धुकं दिसे. समोर पोलादाची सळई गरगर फिरत असे. ते धुकं सळईवर बसत जायचं, सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश येरझारा घालायची, आणि दुपारपर्यंत सळईवर अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं पांढरं कातडं धरायचं. सळईला आधीच पाण्यात विरघळणारा लेप दिलेला असे. सळई पाण्यात बुडवायची, आणि नळी बोटांनी अलगद सरकवून काढायची. मोजा काढावा तशी. फक्त हा मोजा फाटला तर सकाळ वाया.

खोलीच्या दाराबाहेर खिळ्यांची रांग होती. आत जाण्याआधी अंगावरचा धातू तिथे अडकवायचा: घड्याळ, अंगठी, किल्ल्या. विजेला धातू जवळ दिसला की ती धागा घेऊन तिकडे वळते, म्हणून हा नियम. निवांतचा पट्टासुद्धा खिळ्यावर जाई, त्यामुळे आत तो एका हाताने पँट धरून वावरायचा. पापणीताईने नियम कधी मोडला नाही. अंगठी पहिल्या खिळ्यावर, घड्याळ दुसऱ्या खिळ्यावर, आणि मग आत, यंत्राच्या पारदर्शक पेटीला चिकटून, तिची खुर्ची.

ही खुर्ची हाच तिचा अभिमान होता. आधी ती दोऱ्याच्या कारखान्यात रिळांवर होती. तिथे काम एकच, दोरा तुटला की दिसला पाहिजे. नजर हटली की रीळ गेलं. ती सवय घेऊनच ती इथे आली. धागा सुरू झाला की ती खुर्चीत बसायची, आणि नळी पूर्ण होईपर्यंत उठायची नाही. पेटीच्या भिंतीवर आतून लव जमून नीट दिसेनासं होई, म्हणून तिच्या बाजूची झडप ती फटीएवढी उघडी ठेवायची. डावा खांदा पेटीला, नजर धुक्यावर. मॅडम पाहुण्यांना घेऊन आल्या की दाराच्या काचेतून दाखवायच्या, "आणि या आमच्या ताई. या बसलेल्या असतात, म्हणून मला झोप लागते."

घरी आल्यावर नवरा रोज तिच्या डाव्या बाहीवरची पांढरी लव चिमटीने वेचायचा. हे त्याचं स्वतःहून घेतलेलं काम होतं.

"अगं, तुझी उजवी बाही कशी काय स्वच्छ असते?"

"उजव्या हाताने काम करते. डावा रिकामाच असतो."

"हो का," तो म्हणायचा. त्याला उत्तर पटायचं नाही, पण दुसरं सुचायचंही नाही.

सासूबाई खाटेवरून हे रोज बघत. त्यांच्या कंबरेचं हाड मोडून जुळलं होतं, आणि काठी घेऊन चालायचा सराव चालू होता. "कापूस पिंजून येते बया," त्या म्हणायच्या. मग पापणीताई त्यांना चालवायला उभं करायची आणि दोन्ही हात पसरून समोर उभी राहायची.

"तू समोरून हो आधी. तू बघायला लागलीस की माझा पाय चुकतो."

"मी पडू देणार नाही तुम्हाला."

"तेच म्हणते. पडायचं नसेल तर आत जा."

ती जायची नाही.

सगळं ठीक चाललं होतं, कारण नळ्या बोटाएवढ्या आखूड होत्या. मग चाचणीसाठी मेंढीच्या मानेत बसवायला लांब नळी लागेल असं ठरलं, लांब सळई आली, आणि पापणीताईच्या आयुष्यात दाराकडचं टोक आलं.

मेंढ्यांचे डॉक्टर दुपारी यायचे. अबोल, जाड बोटांचा माणूस. ते नळी हातात घ्यायचे, एका टोकाच्या काठातून सुई ओवायचे आणि टाका ओढून बघायचे. खुर्चीच्या बाजूला तयार झालेलं टोक उत्तम टिकलं. दाराच्या बाजूचं टोक टाक्यासकट हातात आलं.

"फाटलं," डॉक्टर म्हणाले.

मोजून पाहिलं. खुर्चीकडचं टोक जाड, दाराकडचं पातळ. सुई दोन्हीकडे सारखीच फिरत होती, सळई सरळ होती, पंप बिनचूक होता.

"वारा," पापणीताई म्हणाली. "दाराच्या फटीतून वारा येतो. धुकं इकडे ढकलतो."

हे सगळ्यांना पटलं. दारच बंद करायचं म्हटल्यावर कुणाचं काही जात नव्हतं. तिने फटीला चिकटपट्टी लावली, खाली टॉवेल सारला. खोलीतलं जादा स्टूल बाहेर काढलं, बादली बाहेर काढली. धागा चालू असताना कुणी आत यायचं नाही अशी पाटी लावली. आणि आता जास्तच लक्ष द्यायला हवं म्हणून खुर्ची आणखी पुढे ओढली.

नळी आणखी वाईट आली.

"फाटलं," डॉक्टर म्हणाले. या वेळी त्यांनी टाका ओढलाही नव्हता, नुसता ओवला होता.

तिने झडप आणखी उघडली, पेटीवर हात ठेवून बसू लागली. डोळ्यांत तेल घालून, श्वाससुद्धा बेताने घेत. दाराकडचं टोक कागदासारखं झालं.

शेवटी मॅडमनी तिला बोलावलं. त्यांनी बसायला सांगितलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"ताई, मेंढी ठरलीय. तारीख ठरलीय. नळी नाही."

"होईल, मॅडम."

"या आठवड्यात दोन्ही टोकं सारखी आली नाहीत, तर मी नळ्या बाहेरून करून घेणार. मग हे यंत्र बंद. तुम्हाला बाटल्यांच्या खोलीत घेईन. काढणार नाही."

"निवांतच्या हाताखाली?"

"बरोबरीने," मॅडम म्हणाल्या, पण दोघींनाही खरं काय ते कळलं होतं.

आणि नेमकी दुसऱ्याच दिवशी सासूबाईंची तपासणी आली. नवऱ्याला सुट्टी मिळेना. पापणीताईने सकाळी येऊन द्रावण भरलं, सळईला लेप दिला आणि निवांतला पुन्हा पुन्हा बजावलं.

"खुर्चीतून हलायचं नाही."

"बरं."

"झडप फटीएवढी उघडी ठेव, नाहीतर दिसत नाही."

"बरं."

"नजर धुक्यावर."

"ताई, होईल की."

दवाखान्यात ती दिवसभर सासूबाईंचा हात धरून बसली आणि सगळा वेळ यंत्राबद्दल बोलली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुखतंय का?" सासूबाई म्हणाल्या, "कान दुखतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी सळईवरच होती. नळी काढायचं काम तिचं, हे निवांतनेसुद्धा पाळलं होतं. तिने सळई पाण्यात बुडवली, लेप सुटेपर्यंत थांबली आणि बोटांनी नळी सरकवायला लागली. अर्ध्यात आल्यावर बोटांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, की चुकलेलं काहीच नव्हतं. जाडी बदलतच नव्हती.

डॉक्टरांनी दाराकडच्या टोकाला टाका घातला. ओढला. आणखी ओढला. नळी वाकली, लांबली, फाटली नाही. डॉक्टरांनी निवांतकडे पहिल्यांदाच माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"कशी केलीस?" मॅडमनी विचारलं.

"बटण दाबलं," निवांत म्हणाला.

"आणि?"

"झाली."

पापणीताईच्या कोणी तोंडात मारली असती, तर ते परवडलं असतं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "परवा डॉक्टर पुन्हा येतील. अशीच दुसरी आली, तर यंत्र निवांत चालवेल. ताई, तुम्ही समजून घ्याल." निवांत सवयीने पँट धरून उभा होता. या बढतीचा त्याला धक्का बसलेला दिसत होता.

संध्याकाळी नवऱ्याने सवयीने बाहीकडे हात नेला. ती म्हणाली, "राहू दे. आज मी यंत्रावर बसले नाही."

"का?"

"निवांतची नळी चांगली झाली."

"मग चांगलंच झालं की."

सासूबाईंनी खाटेवरून मुलाकडे असं पाहिलं, की तो उठून पाणी प्यायला गेला.

"काय केलं त्याने वेगळं?" सासूबाईंनी विचारलं.

"तेच तर कळत नाही. मी त्याला सगळं सांगितलं होतं."

"त्याने ऐकलं का?"

पापणीताईच्या डोक्यात हा प्रश्न आलाच नव्हता. आपण सांगतो आणि माणसं ऐकतात, असाच तिचा आजवरचा समज होता.

ठरलेल्या दिवशी ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली आणि काचेला नाक लावलं. निवांतने बटण दाबलं. थेंब लांबला, धागा निघाला, धुकं पसरलं. निवांतने झडप घट्ट बंद केली, जांभई दिली, आणि बाहेर येऊन खिळ्यावरचा पट्टा चढवू लागला.

"कुठे निघालास?"

"चहाला."

"आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"त्या दिवशीही असंच?"

"त्या दिवशी पायऱ्यांवर ऊन छान होतं," निवांत म्हणाला. "ताई, तो धागा मला विचारून थोडाच निघतो? तुम्हाला आणू का चहा?" आणि तो गेला.

चालू यंत्र, चालू धागा आणि रिकामी खुर्ची. मूल रस्त्यावर सोडून जावं तसं तिला वाटलं. नळी निवांतची असली म्हणून काय झालं, धागा तुटला तर बघायला कुणीतरी नको का? तिने अंगठी पहिल्या खिळ्यावर अडकवली, घड्याळ दुसऱ्या खिळ्यावर, आत गेली, झडप फटीएवढी उघडली आणि बसली.

इतकी वर्षं ती सुईकडे बघत आली होती. आज सुई तिची नव्हती, म्हणून की काय, नजर इकडेतिकडे भटकली आणि स्वतःच्या डाव्या बाहीवर आली. बाहीवर एक पांढरा तंतू येऊन बसला होता. तिच्यादेखत दुसरा आला. फटीतून, तरंगत, ओळखीच्या घरी यावं तसा.

तिने वर पाहिलं. धुकं तिच्याकडे झुकलेलं होतं.

ती उठून मागे सरकली. धुकं सरळ झालं. ती बसली. झुकलं. ती उठली, भिंतीशी गेली. सरळ. पुढे आली. झुकलं. ती पुन्हा उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली.

दारात निवांत दोन कप घेऊन उभा होता. "व्यायाम सांगितलाय का डॉक्टरांनी?"

"तिथेच थांब. पुढे येऊ नकोस."

"चहा..."

"बाहेर ठेव. आणि मॅडम कुठे आहेत बघून ये."

निवांत गेला. पापणीताई खुर्चीत बसून राहिली. वारा नव्हताच. विजेला माणसाचं अंगही धातूसारखंच जवळचं. अंगठी खिळ्यावर टांगली, घड्याळ टांगलं, स्टूल बाहेर काढलं, बादली बाहेर काढली, फक्त सगळ्यात मोठी वस्तू तेवढी आत राहिली होती, आणि तीही दर वेळी आणखी जवळ ओढलेली.

तिला आणखीही एक गोष्ट कळली. दुपारी डॉक्टर येणार होते. त्यासाठी तिला काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. रोज बसते तशी. दाराकडचं टोक फाटेल, निवांत परत बाटल्यांकडे जाईल, त्याला वाईटसुद्धा वाटणार नाही. यात कुणी तिला बोल लावला नसता. मन लावून काम केलं म्हणून कुणाला कोण बोलतं?

धुकं तिच्याकडे झुकून उभं होतं. ती बसली. बराच वेळ बसली. आणखी काही तंतू आले आणि बाहीवर स्थिरावले.

मग तिने हात लांब करून यंत्र बंद केलं आणि बाहीवरचे तंतू एकेक वेचून टाकले.

निवांत परत आला तेव्हा सळई थांबली होती. "मॅडम खोलीत आहेत. हे का बंद केलं?"

"ही टाकून दे. नवीन सुरू कर."

"अहो, झालीय की अर्धी!"

"मी बिघडवलीय."

"कुणी बघितलं?" निवांतने प्रामाणिकपणे विचारलं. त्याला मदतच करायची होती.

"मी बघितलं ना," ती म्हणाली. "तेवढंच तर काम आहे माझं."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा त्यांनी कपाळाला हात लावला.

"यंत्राच्या पुस्तकात आहे हे," त्या म्हणाल्या. "सुरुवातीलाच लिहिलंय, यंत्राजवळ काही ठेवू नका. आपण स्टूल हलवलं, बादली हलवली. तुम्हाला हलवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"माझ्याही नाही."

"मी पाहुण्यांना दाखवायचे तुम्हाला."

"हो."

"म्हणजे तुम्ही खोलीत नसलात की नळी चांगली होते," मॅडम म्हणाल्या. "हे खरं असेल तर ताई, मी तुम्हाला यंत्रावर कशासाठी ठेवू? बाहेर बसायला?"

हा प्रश्न ती जिन्यावरून येतानाच स्वतःला विचारून बसली होती. "द्रावण मी करते," ती म्हणाली. "लेप मी देते. नळी मी काढते. मधल्या वेळात मी नसेन. नसण्याचं कामही नीट करीन."

"जमेल?"

"नाही जमणार. पण करीन."

"निवांत?" मॅडमनी दाराकडे बघून विचारलं. तो तिथे असणार हे त्यांना माहीत होतं.

"मला बाटल्याच बऱ्या," निवांत म्हणाला. "रोज चहाला जायचंच अशी सक्ती झाली, तर चहाची मजा जाते."

नळी पुन्हा सुरू झाली. या वेळी बटण पापणीताईने दाबलं, झडप घट्ट लावली, आणि खुर्ची उचलून बाहेर आणली. खुर्ची बाहेर आल्यावर खोली एकदम मोठी दिसू लागली. तिने ती खिळ्यांच्या रांगेखाली मांडली आणि दाराकडे पाठ करून बसली. काचेतून बघितलं असतं तरी धुक्याला फरक पडला नसता. पण एकदा बघायला लागलो की आपण आत जाणार, एवढं तिला स्वतःबद्दल माहीत होतं.

"अंगठी घाला की," निवांत म्हणाला. "बाहेर आहात तुम्ही."

"राहू दे तिथेच."

यंत्राची घरघर दारातून ऐकू येत होती. तिच्यात जरा बदल झाला की तिचा खांदा हले. समोर भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. ती तेच बघत बसली, आणि त्या दिवशी, निवांतच्या सांगण्यावरून, तिची पापणी सारखी लवत होती.

मॅडमनी डॉक्टरांना उशिरा बोलावलं होतं; ते आले तेव्हा नळी तयार होती. त्यांनी एका टोकाला टाका घातला, ओढला. टिकला. नळी फिरवली, दुसऱ्या टोकाला टाका घातला. पापणीताईने टेबलाची कड धरली. डॉक्टरांनी ओढलं, आणखी ओढलं, आपल्या जाड बोटांनी पुरता ताण दिला.

मग त्यांनी नळी खाली ठेवली आणि चेहरा वाकडा केला.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"आता दोन्ही टोकं सारखीच दिसतात," डॉक्टर कुरकुरले. "कुठलं कुठलं, कळत नाही. हीच घालू मेंढीत." त्यांच्या तोंडून इतकी वाक्यं एकदम कुणी ऐकली नव्हती.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा सासूबाई काठी टेकत खिडकीपर्यंत जाऊन आल्या होत्या. घरी कुणी नव्हतं, म्हणून जमलं, असं त्यांनी लगेच सांगितलं. नवरा आला, तिच्याजवळ बसला, आणि त्याचा हात नेहमीसारखा तिच्या डाव्या बाहीकडे गेला. चिमूट केलेली बोटं बाहीवर इकडून तिकडे फिरली.

"अगं, आजही काहीच नाही."

"नाही."

"म्हणजे नोकरी गेली?"

"नाही. यंत्र माझ्याकडेच आहे."

"मग लव कुठे गेली?"

"मेंढीला गेली," ती म्हणाली.

त्याने हात काही खाली घेतला नाही.

"अरे, काही नाहीये तिथे," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "काय चाचपतोयस?"

"बघतोय," तो म्हणाला.